फुकट तोडून देणारा आणि १२ हजार मागणारा

प्रश्न: सोलापुरात होटगी रोडला आमचं जुनं घर आहे. अंगणातला कडुलिंब वडिलांनी १९६९ साली लावला. यंदा मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात एक मोठी फांदी पोर्चच्या पत्र्यावर पडली. वखारवाला म्हणतो, झाड पोकळ झालंय, फुकट काढून नेतो, वर ४ हजार देतो. दुसरा ९ हजारांत अर्ध्यावरून छाटून द्यायला तयार आहे. पुण्याचा आर्बोरिस्ट (झाडांची निगा राखणारा तज्ज्ञ) मात्र प्रवासासकट नुसतं तपासायचेच १२ हजार सांगतो, छाटणीचे अंदाजे ३२ हजार वेगळे. घर पेन्शनवर चालतं. २ लाखांची एफडी मोडू का? (एक निवृत्त शिक्षक)

सर, एफडीला हात लावू नका. १२ हजार बचत खात्यातून द्या आणि ३२ हजारांना अजून हो म्हणू नका.

पैशाचा सल्ला देण्याच्या आमच्या कामात कुठलाही सल्ला ऐकताना आधी एक गोष्ट बघतात: सल्ला देणाऱ्याचे पैसे कशातून सुटतात? कमिशनवर जगणाऱ्या एजंटला तुमच्या प्रत्येक अडचणीवर पॉलिसीच सुचते. वखारवाल्याचा नफा लाकडात आहे, आणि झाड पोकळ असल्याचं निदानही त्याचंच. पोकळ झाडाचे वर ४ हजार का देतोस, एवढं त्याला विचारून बघा. पुण्याच्या माणसाकडेही हीच नजर ठेवायची. म्हणून तपासणी आणि छाटणी हे दोन वेगळे व्यवहार करा. छाटणीचं काम मिळो न मिळो, आधी लेखी अहवाल हवा, असं त्याला स्पष्ट सांगा.

आता ९ हजारांचं. दर दोन वर्षांनी छाटलं तर पाच वर्षांत तीनदा, म्हणजे २७ हजार. तज्ज्ञाचे ४४ हजार. कागदावर छाटणारा १७ हजारांनी स्वस्त पडतो, ते लपवण्यात अर्थ नाही. मीही याच हिशेबाला भुललो होतो. आमच्या अंगणातला गुलमोहर असाच अर्ध्यावरून उतरवून घेतला. दोन पावसाळ्यांत झाड पुन्हा हिरवंगार झालं, आम्ही खूश. तिसऱ्या वर्षी त्याच नव्या फांद्या मोडून कंपाउंडच्या भिंतीवर आल्या.

झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. आतली कुज पसरू नये म्हणून झाड तिच्याभोवती कुंपण घालतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. जाडजूड फांदी मध्येच कापली की तो खुंट झाकला जाण्याआधीच कुजायला लागतो. त्याच्या आजूबाजूला फुटणारे धुमारे खोडात खोलवर रुजलेले नसतात, नुसते वरच्या थराला धरून असतात, आणि वाढतात मात्र भराभर. जाणकार माणूस फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा राखून, त्याच्या लगत बाहेरून काप घेतो. मोठी फांदी असेल तर आधी खालून खाच पाडतो, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. एका वेळी पाव घेरापेक्षा जास्त हिरवं तो सहसा काढत नाही.

१२ हजारांत तो काय बघतो? बुंध्याशी अळिंबी आली आहे का, ठोकल्यावर आवाज कसा येतो, फांदी नेमकी कुठून मोडली, मुळं कुठे कापली गेलीत. (पेव्हर ब्लॉक बसवताना खणलं असेल तर ते त्याला आठवणीने सांगा.) पोकळी आहे म्हणजे झाड गेलं असं नसतं. बाहेरचं निरोगी लाकूड पुरेसं जाड असेल तर झाड कित्येक वर्षं उभं राहतं. आणि पावसाळा सरताना कडुलिंबाचे शेंडे करपलेले दिसले, तर तो बहुधा बुरशीचा रोग असतो. अशी पुष्कळ झाडं उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा फुटतात, त्यामुळे झाड मेलं असं कोणी म्हणालं तरी घाई करू नका.

बोलावण्याआधी इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचा प्रमाणपत्र क्रमांक मागून घ्या. तो त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. गार्डनिंगचं व्हिजिटिंग कार्ड कुणीही छापतं.

फुकटच्या तोडणीचा हिशेबही तितका सोपा नाही. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाडाला इजा करणंही तिथे तोडण्यातच धरलं आहे, म्हणून छाटणीआधीही अर्ज द्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं हेरिटेज ठरतात, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. तुमच्या कडुलिंबाचं वय १९६९ पासून तुम्हीच मोजा. वखारवाल्याच्या ४ हजारांत त्यातलं काहीच भागणार नाही.

घराचा विमा नसेल तर भारत गृह रक्षा पॉलिसीची चौकशी करा. वादळानं किंवा झाड पडून झालेलं घराचं नुकसान तिच्यात येतं. कार पोर्चमध्ये असते का? नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर फांदीनं चेपलेल्या टपाचे पैसे मिळणार नाहीत.

अहवालात घरावर झुकलेल्या दोन-तीन फांद्याच निघाल्या, तर सगळे ३२ हजार लागणारही नाहीत. कुठे कापायचं त्याच्या खुणा तज्ज्ञाकडून करून घ्या आणि तो समोर उभा असताना स्थानिक माणसाकडून काम करून घेता येईल का, ते विचारा. दोरावर चढणारा माणूस मात्र सुरक्षा पट्टा बांधणाराच हवा. उरलेला खर्च पुढच्या वळवापर्यंत पेन्शनमधून दरमहा बाजूला टाकत गेलात तर एफडी तशीच राहील.

पोर्चचा नवा पत्रा मात्र छाटणी झाल्यावरच टाका.