वाचक विचारतात: पावसाळ्यातली उंदरांची खोली

प्रश्न: वनस्पतीच्या अर्काची तीव्र विषारिता चाचणी जुलैत करायची आहे. स्विस अल्बिनो जातीच्या लहान उंदरांच्या (माइस) माद्या ब्रीडरकडून येतील. खोलीत एसी असूनही पिंजऱ्यातला तूस ओलसर राहतो. काय करावे? (एम. फार्म. विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर: एसी बहुधा खोलीच्या मानाने मोठा आहे. तो झटकन थंडावा देऊन बंद होतो, त्यामुळे हवेतले पाणी पुरेसे निघत नाही. वेगळा डीह्युमिडिफायर बसवा. ओईसीडी ४२३ (तीव्र विषारिता चाचणीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) प्रमाणे तापमान १९ ते २५ अंश आणि आर्द्रता शक्यतो ७० टक्क्यांखाली हवी, ५० ते ६० उत्तम. शिवाय स्प्लिट एसी ताजी हवा आत आणत नाही. एक्झॉस्ट नसेल तर ओल्या तुसातला अमोनिया साचतो, आणि तो श्वसनमार्गाला इजा करतो. मग शवविच्छेदनात दिसलेला फुफ्फुसदोष अर्काचा की खोलीचा, हे कोण सांगणार?

तूस ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) पूर्ण वाळवा, आठवड्यातून दोनदा बदला, पावसात गरजेनुसार अधिक वेळा. सॉ मिलमधला मिश्र भुसा नकोच. काही लाकडांतल्या तेलांनी यकृतातली एन्झाइम वाढतात. खाद्याच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. बुरशी दिसलेली पिशवी सरळ फेका, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष यकृतावरच घाव घालते.

ब्रीडर सीसीएसईएकडे (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती) नोंदलेला हवा, आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी जनावरे मागवण्याआधीच घ्या. माद्या ८ ते १२ आठवड्यांच्या, न व्यायलेल्या, गाभण नसलेल्या असाव्यात. प्रत्येकीचे वजन सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत. प्रवासाचा ताण उतरायला डोसआधी किमान ५ दिवस चाचणीच्या पिंजऱ्यांत राहू द्या. शेपटीवरची मार्करची खूण पुसट होते, ती अधूनमधून पुन्हा काढा.

प्रश्न: डोसआधी रात्रभर उपाशी ठेवायचे ना? (त्याच वाचक)

उत्तर: नाही, तो नियम रॅटचा, म्हणजे मोठ्या उंदराचा. माइसना ३ ते ४ तास पुरे, पाणी मात्र चालूच. रात्र ही त्यांची खाण्याची वेळ. तेव्हा उपाशी राहिले की यकृतातला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि ग्लुटाथायोन (विष निकामी करणारा पदार्थ) दोन्ही उतरतात, आणि पॅरासिटामॉलसारखे औषध एरवीपेक्षा अधिक विषारी ठरते. उपाशी ठेवताना पिंजरा बदला. जुन्या तुसात दाण्यांचे तुकडे सापडतात, ते त्या सोडत नाहीत.

वजन उपासानंतर करून त्यावरच डोस काढा. २५ ग्रॅमच्या मादीला ३०० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे ७.५ मिलिग्रॅम. १० मिली प्रति किलोने ०.२५ मिली द्यायचे, म्हणून द्रावण ३० मिलिग्रॅम प्रति मिलीचे. २००० चा डोस त्याच मापात २०० मिलिग्रॅम प्रति मिली होतो. हा अर्क चिकट होऊन सुईत अडकतो, ०.५ टक्के सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या द्रावणात) घोटा आणि प्रत्येक वेळी भरण्याआधी हलवा. तोंडातून डोस द्यायची गोल टोकाची सुई नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून घ्या. अडथळा वाटला किंवा नाकातून द्रव आला तर थांबा. डोसनंतर आणखी १ ते २ तास खाद्य नको. पहिल्या ३० मिनिटांत प्रत्येकीला एकदा तरी पाहा, पहिल्या ४ तासांत विशेष लक्ष ठेवा, एकूण १४ दिवस.

प्रश्न: रॅकवर मुंग्या चढतात. फवारा मारू का? (म्हापसा)

उत्तर: अजिबात नको. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक कोलिनेस्टरेज हे मज्जातंतूंचे संदेश थांबवणारे एन्झाइम रोखते, आणि मग लाळ, कंप ही लक्षणे तुमच्या औषधाच्या खात्यावर चढतील. रॅकचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा, रॅक भिंतीपासून हातभर दूर ओढा आणि सांडलेल्या गोळ्या रोज झाडा.