‘का मारलं?’ हे विचारच, पण उशिरा

सोलापुरात राहून खुनावर माहितीपट करायचा म्हणतोयस, तर कर. ‘खुनी का मारतो’ हे दाखवावं का, असं विचारलंस. दाखवावं. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावचं प्रकरण बघ. 1972 ते 74 दरम्यान बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. त्यामागची गुप्तधनाची हाव आणि नरबळीची अंधश्रद्धा सांगितली नाहीस, तर हाती नुसता मृतदेहांचा आकडा उरतो. तिथलं ‘का’ अख्ख्या समाजाला लागू होतं. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात मात्र जपून. चार कलाविद्यार्थ्यांनी दहा जीव घेतले, 1983 मध्ये फाशी गेले. त्यांच्या बालपणात फार रमलास, तर तेच नायक होऊन बसतील.

आधी मेलेल्याच्या घरी जा, कॅमेरा न घेता. बाळीवेशीजवळ एका माउलीने मला मुलाची चादर दाखवली होती. बोलता बोलता ती चादरीच्या कडेच्या दशा एकेक करून सरळ करत होती. खुन्याचं नाव तिने एकदाही घेतलं नाही. तेव्हापासून माझी पहिली वीस मिनिटं गेलेल्या माणसाची असतात.

आणि आरोपीच्या मनातलं स्वतः रचू नकोस. जबाब, निकालपत्र, मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष, यात असेल तेवढंच घे.