साखर ताकदीसाठी नाही, सोडियमसाठी

प्रश्न : जुलाब होत असताना प्यायलेलं साधं पाणी तसंच बाहेर पडतं, मग ओआरएसचं पाणी अंगात कसं मुरतं? साखर उपयोगी असेल तर ती थोडी जास्त घातलेली चालेल का?

उत्तर : जास्त साखर अजिबात घालू नका. कारण आतड्याच्या पेशीतच आहे.

आतड्याला पाणी थेट ओढता येत नाही; क्षार जिकडे जातील तिकडे पाणी जातं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालतो. दर फेरीला तो 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतं आणि आतड्याच्या पोकळीतलं सोडियम वाट मिळेल तिथून आत शिरतं. उलट दिशेला सीएफटीआर नावाची वाहिनी क्लोराइड पोकळीत सोडते. त्यामागून सोडियम आणि पाणी झिरपतं. एरवी हा स्राव बेताचाच असतो.

जुलाबात हा तोल बिघडतो. उदाहरणार्थ, कॉलऱ्याचं विष पेशीतलं एक जी-प्रथिन (पेशीतला खटकाच म्हणा) चालू अवस्थेतच अडकवतं. मग सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, सीएफटीआर उघडीच राहते आणि सोडियम घेऊन हायड्रोजन सोडणारा एनएचई3 हा वाहक (पेशीत ने-आण करणारं प्रथिन) मंदावतो. पण एसजीएलटी1 हा वाहक शाबूत असतो! तो ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर 2 सोडियम आत घेतो. ओआरएसमधली साखर ताकदीसाठी नसून या वाहकासाठी असते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात लिटरला सोडियम 75 आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल आहे. एकूण ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या कणांचं प्रमाण, लिटरला 245 मिलिऑस्मोल. आधी ती 311 होती. वाहकाला न पेललेली साखर पोकळीत राहून उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. पाणी कमी घातलं तर रक्तातलं सोडियम वाढतं, लहान मुलांत ते फार धोक्याचं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला. अर्ध्या पाकिटात कोणता क्षार किती आला ते कळत नाही. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या.

प्रश्न : ओआरएस देऊनही जुलाब थांबले नाहीत. ते बंद करावं का?

उत्तर : नको. कॉलऱ्यात सीएफटीआर उघडीच असते, ती ओआरएसने मिटत नाही. गेलेलं पाणी फक्त भरून निघतं. दर जुलाबानंतर 2 वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिली, त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200 मिली द्या. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून चमच्याचमच्याने सुरू करा. मूल गुंगीत असेल किंवा पिऊच शकत नसेल तर मात्र घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या; शिरेतून सलाइन लागेल.