एखाद्या सरदाराने मृत्युपत्रात शाळेसाठी पैसा ठेवला आणि ती शाळा खरोखर उभी राहिली, असं भारतात कुठे घडलंय का?

हो, घडलंय. लखनौची ला मार्टिनियर. पण मृत्युपत्र झालं आणि शाळेची घंटा वाजली, यामध्ये ४५ वर्षं गेली.

तिच्यासाठी पैसा ठेवणारा क्लॉड मार्टिन जन्माने सरदार नव्हता. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १७३५ साली एका पिंपं बनवणाऱ्याच्या घरी जन्मला, साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला. पुढे फ्रेंचांना सोडून इंग्रजांच्या कंपनीकडे गेला आणि अवधच्या नवाबाच्या शस्त्रागाराचा प्रमुख झाला. नीळ, सावकारी, घरं-जमिनी यांतून त्याने अफाट माया जमवली. मूलबाळ नव्हतं. १ जानेवारी १८०० रोजी त्याने मृत्युपत्र केलं आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबरला तो वारला. जवळच्या माणसांची सोय लावून झाल्यावर मोठा पैसा त्याने लखनौ, कलकत्ता आणि आपलं ल्यों या तीन शहरांतल्या शाळांसाठी ठेवला होता.

आणि मग सुरू झाली कोर्टबाजी. मृत्युपत्राचा अर्थ लावण्यावरून कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं दावे चालले. ल्योंचा महापौर विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी हा खटला तर थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या अपिलाच्या सर्वांत वरच्या न्यायालयात गेला. परक्या माणसाला कलकत्त्यात जमीन बाळगता येते का आणि मृत्युपत्राने देता येते का, हा त्यातला मुद्दा. निकाल १८३६ चा. कलकत्त्याची शाळा त्याच वर्षी उघडली, लखनौची १८४५ साली. मार्टिन गेला त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर पंचेचाळिशीला आलं होतं. त्या मुलाचा विचार मनातून जात नाही.

तरीही शाळा झाली, याचं मोठं श्रेय मी लेखी कागदाला देतो. आमच्या गावात एका इनामदारांनी वाडा शाळेला द्यायचं तोंडी सांगितलं होतं. ते गेले, वाटण्या झाल्या, वाडा पडला. मुलं अजून सहा किलोमीटर चालत जातात.

एक खंतही सांगायला हवी. सुरुवातीचा बराच काळ लखनौच्या शाळेत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलंच शिकत. पैसा अवधात कमावलेला आणि अवधचीच मुलं फाटकाबाहेर, हे मला आजही सलतं.

ल्योंच्या शाळेची गोष्ट मात्र आपल्यापर्यंत येऊन पोचते. तिथे मुलांना तांत्रिक शिक्षण मिळायचं, आणि ऑग्युस्त व लुई ल्युमिएर हे भाऊ तिथलेच विद्यार्थी. त्यांच्या यंत्रावरची हलती चित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. ती पाहून भारावलेल्या मुंबईच्या छायाचित्रकार सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, स्वतः कॅमेरा मागवला. लखनौची कमाई ल्योंमार्गे मुंबईत परत आली, असंच मला वाटतं.

लखनौला गेलात तर शाळेची इमारत, कॉन्स्टॅन्शिया, जरूर बघा. मार्टिनने ती स्वतःसाठी बांधायला घेतली होती, पण पुरी व्हायच्या आतच तो गेला. आपल्याला तिथल्याच तळघरात पुरावं, असं त्याने लिहून ठेवलं होतं. लोक सांगतात की कबर असलेली वास्तू नवाब ताब्यात घेणार नाही, हा त्यामागचा हिशेब. १८५७ च्या धामधुमीत ती कबर फोडली गेली, नंतर पुन्हा नीट केली. मी पायऱ्या उतरून खाली गेलो तेव्हा वरून मुलांचा गलका ऐकू येत होता. कबरीवर काय कोरायचं तेही त्यानेच सांगून ठेवलेलं: साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला, मेजर जनरल म्हणून वारला, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. मी हात जोडले आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.