वाचक विचारतात : पिकअपवरच्या कॅम्परचा तळ

प्रश्न : काका, आमच्याकडे साडेसहा फुटी हौद्याची फोर्ड एफ-१५० पिकअप आहे. सुट्टीत हौद्यात बसवायचा आणि एरवी घराशेजारी जॅकवर उभा ठेवायचा, असा लाकडी कॅम्पर, म्हणजे राहण्याजोगी छोटी खोली, आम्ही दोघं घरीच बांधतोय. तळाला पाऊण इंची प्लाय पुरेल, की दोन थर टाकू? बर्फ-पाण्याने कुजेल याचीही धास्ती वाटते.
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : दोन थर मुळीच नकोत. पाऊण इंची चार बाय आठच्या एका शीटचंच वजन ३० किलोच्या आसपास असतं. मी लहानाचा मोठा झालो तो ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात. तिथले मिस्त्री फळी किती जाड हे नंतर बघायचे. आधी विचारायचे, वजन कुठून कुठे उतरतंय?

तुमच्या कॅम्परचंही तेच बघा. गाडीवर असताना तळ सगळीकडून हौद्यावर टेकलेला असतो, तेव्हा साधी फळीही चालून जाते. खरी कसोटी जॅकवर. जॅक लागतात हौद्यातल्या चाकांच्या फुगवट्यांवरून बाहेर आलेल्या रुंद भागाच्या चार कोपऱ्यांना, म्हणजे तळ खालच्या भिंतींना अक्षरशः टांगलेला राहतो. म्हणून भिंतीचा प्लाय तळावर उभा करू नका. तो तळाच्या कडेवरून खाली उतरवा आणि चौकटीला बाजूने गोंद लावून स्क्रूने आवळा. टांगलेल्या वजनाने त्याच्याच रेषेत सरळ आत गेलेला स्क्रू हळूहळू उपसून येतो. आडवा धरलेला स्क्रू तसा येत नाही. भिंत जिथे बाहेर वळते त्या कोपऱ्यालाही आतून पट्टी द्या.

आता तळ. तेवढाच प्लाय दोन भागांत वापरा : वर अर्धा इंच, खाली पाव इंच, मध्ये दीड इंची रिपांची चौकट. आडव्या रिपा १६ इंचांवर, मधल्या कप्प्यांत दीड इंच जाडीचा गुलाबी किंवा निळा फोम, २५ पीएसआयचा (चौरस इंचाला २५ पौंड दाब पेलणारा). पांढरा थर्माकोल नको. प्लायचं वजन जवळपास तेच राहतं, पण दोन थर एकमेकांपासून लांब गेल्याने ताठरपणा कागदावर पंधरापटीहून जास्त भरतो. प्रत्यक्षात थोडा कमी मिळेल, तरी सलग प्लायच्या कितीतरी पुढे. वर ऊबही मिळते.

हे सगळं गोंदावर अवलंबून आहे. पॉलियुरेथेनचाच घ्या, काही गोंदांतला सॉल्व्हंट फोम विरघळवतो, म्हणून आधी तुकड्यावर लावून बघा. हा गोंद ओलाव्यावर सुकतो आणि तुमच्याकडची हवा कोरडी, तेव्हा लाकडावर पाण्याचा हलका फवारा मारा. चौकट सपाट जमिनीवरच जोडा, वर पाण्याचे कॅन ठेवून रात्रभर दाबा. पीळ घेऊन सुकली तर पुढे सरळ होत नाही.

रुंदी ४८ इंच ठेवा. तुमच्या गाडीत दोन फुगवट्यांमध्ये ५० इंचांहून थोडी जास्त जागा आहे, त्यामुळे शीट रुंदीत कापावी लागत नाही.

कुजण्याबद्दल : प्लाय पाणी पितो तो कडांनी आणि भोकांतून. कडांना पातळ इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचा) हात द्या, तो मुरला की दुसरा. बोल्टचं भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच पुन्हा योग्य मापाचं पाडा. खालची बाजूही तितक्याच निगुतीने रंगवा. कॅम्पर सरकू नये म्हणून हौद्यात रबरी मॅट लागतेच आणि तिच्यावर पाणी साचतं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड हा गंजवणारा क्षार मारतात, तेव्हा स्क्रू स्टेनलेसचेच. आत तळावर व्हिनाइलचं आवरण एकसंध टाका, भिंतीवर दोन इंच चढवा.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर आजच वाचा. त्यावर गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल ते असतं, आणि त्या आकड्यात कॅम्पर, सामान, पाणी आणि तुम्ही दोघंही धरलेले आहात. सत्तर लिटरची टाकी भरली की सत्तर किलो गेले.

तयार झाल्यावर कॅम्पर जॅकवर घ्या, पण खाली भक्कम ठोकळे रचल्याशिवाय हात घालू नका. तळाखालून, दोन भिंतींच्या खालच्या कडांमध्ये आडवा दोरा ताणून मधोमध दोरा आणि तळ यांच्यातलं अंतर मोजा. मग आत पाण्याचे कॅन ठेवून पुन्हा मोजा. तळ मध्येच खाली आला तर रिपांचा गोंद नीट धरलेला नाही. भिंतीजवळच फट पडली तर तो सांधा उघडून पुन्हा करा, वर पट्टी मारून भागवू नका.