सावळी आहे, पण…

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पोरगी आरशासमोरून हलत नाही. रागावलं तर तोंड फिरवते, नाही रागावलं तर हातातून जाईल अशी भीती वाटते. काय करू?" दादरला मी बरीच वर्षं किशोरवयीन मुलामुलींचं समुपदेशन करते आहे. या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला सई म्हणू.

सईची आई हिंदमात्याजवळ एका साडीच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या दाखवायचं काम करते. घर लालबागला, चाळीतली एकच खोली. सई १५ वर्षांची, दहावीत. पहिल्या दिवशी आई एकटीच आली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बोलत राहिली. मुलगी रात्री सगळे झोपल्यावर मोरीत दिवा लावून अर्धा अर्धा तास बसते. शाळेत मास्क लावून जाते, क्लासला तोंडाला ओढणी गुंडाळून. ढोलपथकाची प्रॅक्टिस तिचा जीव की प्राण होती, तीही सोडली. "चेहरा झाकून जायचं म्हणजे काय मॅडम? कोणीतरी आहे, नक्की." आदल्या रविवारी रागाच्या भरात आईने कपाटाच्या आरशावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. घरात तेवढाच एक मोठा आरसा.

पुढच्या खेपेला सई आली. मास्क काढला नाही, मीही काढायला सांगितलं नाही. आम्ही ढोलाबद्दल बोललो. टोल आणि थापी हे ठोके दोन्ही हातांत कसे बसवतात, पावसात ढोलाचं पान, म्हणजे वरचं कातडं, ओलं झालं की आवाज कसा बसतो, हे ती हातवारे करत सांगत होती. मग मी विचारलं, एवढं आवडतं तर सोडलंस का? ती म्हणाली, "उन्हात उभं राहिलं की तोंड भाजतं." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. चोरून कोणाला भेटणाऱ्या मुलीचं ते बोलणं नव्हतं.

तिसऱ्या भेटीत तिने स्वतःच मास्क खाली केला. दोन्ही गाल लालभडक, त्यावर बारीक पुळ्या, लाल रेषांचं जाळं आणि कल्ल्यांच्या बाजूने दाट लव. हनुवटीखालची मानेची कातडी मात्र तिच्या मूळच्या सावळ्या रंगाची, नितळ. दोन्हींमध्ये पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखी सीमा दिसत होती. तिने दप्तरातून एक पांढरी प्लास्टिकची डबी काढली. त्यावर ना नाव, ना कंपनी, ना तारीख. ओळखीच्या एका पार्लरमधून दीडशे रुपयांना घेतलेलं 'फॉर्म्युला क्रीम'.

गोष्ट डिसेंबरमध्ये सुरू झाली होती, चिपळूणला मावसबहिणीच्या लग्नात. पंगतीत एक नातेवाईक बाई तिच्याकडे बघत म्हणाल्या होत्या, "ही धाकटी का? सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो." बाईंनी कौतुकच केलं होतं. आईलाही ते कौतुकच वाटलं, तिने हसून मान डोलावली. सई मला म्हणाली, "मॅडम, मी त्या 'पण'चं काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विठोबा सावळा, कृष्ण सावळा, हे तिने आजीकडून दहा वेळा ऐकलेलं होतं. "मग लग्नाच्या माहितीत सगळे 'रंग गोरा' का लिहितात?" असं तिने विचारलं, आणि मी गप्प राहिले. जे घर वर्षानुवर्षं मुलीला डाळीचं पीठ आणि हळद लावताना 'रंग उजळेल' म्हणतं, त्या घराने देवांचे दाखले देऊन काही होत नाही. मुली आपलं बोलणं नीट ऐकत असतात. एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' २०२० मध्ये जाऊन तिथे 'ग्लो' आला, पण पंगतीतली वाक्यं काही बदलली नाहीत.

जानेवारीत तिने क्रीम लावायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात चेहरा उजळला. इथे पालकांनी थांबून वाचावं. अशा क्रीममध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड असतं. त्याने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, पुरळ दबतं आणि रंग फिका दिसतो, त्यामुळे पहिले काही आठवडे सगळं छानच दिसतं. मैत्रिणी विचारायला लागल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, उजळलीस की!" आणि तिच्या आईनेही, जिला या डबीचा पत्ता नव्हता, तिला जवळ घेऊन म्हटलं, "बघ, अंगावर तेज आलंय." सईला ते वाक्य तारखेसकट आठवत होतं.

एप्रिलमध्ये गॅसजवळ उभं राहिलं तरी गाल पेटायला लागले. घाबरून तिने दोन दिवस क्रीम बंद केलं, तर चेहरा सुजला, आग आग झाली. परत लावलं, थांबलं. क्रीमशिवाय राहता येत नाही आणि क्रीमनेच चेहरा बिघडतोय, हे तिच्या लक्षात आलं होतं. रात्री मोरीत बसून ती गालांवर पाणी मारत असायची. तीन महिने ती हे एकटीने सोसत होती, एका खोलीच्या घरात, चार माणसांमध्ये.

आईला सांगावं लागेल, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. आरोग्याचा प्रश्न असला की मी मुलांना गुप्ततेचं खोटं वचन देत नाही. पण कोणी सांगायचं आणि कसं, हे तिने ठरवायचं होतं. तिने माझ्या खोलीतच, मी समोर असताना सांगायचं ठरवलं. आई आली. सईने डबी टेबलावर ठेवली आणि मास्क काढला. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "मी आरसा झाकला गं." आणि रडायला लागली.

मुलीच्या पिशवीत असं काही सापडलं की बहुतेक घरांत ते तिथल्या तिथे कचऱ्यात जातं. दम दिला जातो, पार्लरवालीशी भांडण होतं, आणि विषय संपला असं मोठ्यांना वाटतं. मुलीचं दुखणं मात्र तिथून सुरू होतं. महिनोन्‌महिने लावलेलं स्टिरॉइड एकदम बंद केलं की काही दिवसांत चेहरा आधीपेक्षा भयंकर होतो आणि तो बरा व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात मुलगी शाळेत जाते, पाहुण्यांसमोर जाते. कोणी सोबत नसेल तर ती परत डबीकडे वळते. म्हणून डबी फेकू नका. ती घेऊन मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचाविभाग आहे, तेव्हा पैशांसाठी थांबायची गरज नाही.

सईला त्यांतल्याच एका रुग्णालयात पाठवलं. डॉक्टरांनी डबी पाहिली आणि लघवीची तपासणीही सांगितली. आई घाबरली, चेहऱ्याला लघवीचा काय संबंध? संबंध असा की बिननावाच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये कधी कधी पारा असतो आणि तो मूत्रपिंडाला बाधतो. केरळमध्ये मलप्पुरमला २०२३ मध्ये डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या आजाराचे काही रुग्ण असे सापडले की ज्यांच्यात समान धागा गोरं करणारं क्रीम हाच होता. सईचा रिपोर्ट चांगला आला. उपचार सुरू झाले, आणि डॉक्टरांनी बजावलं: पहिले काही आठवडे वाईट जाणार आहेत.

तसेच गेले. मी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी दिली की वैद्यकीय कारणाने मास्कची परवानगी असावी, आणि कारण वर्गात विचारू नये. आईला दोनच गोष्टी सांगितल्या. चेहरा आज कसा आहे हे सकाळी उठल्या उठल्या विचारायचं नाही. आणि रंगावर एक शब्द नाही, चांगला नाही की वाईट नाही. दुसरी गोष्ट आईला फार जड गेली. "दुकानात दिवसभर तेच बोलते मी," ती म्हणाली. "तुमच्या गोऱ्या रंगावर डाळिंबी उठून दिसेल, तुम्ही सावळ्या आहात तर अबोली घ्या." मग थोडं थांबून, "सईसाठी मी कायम अबोली नाहीतर बदामीच आणते. गडद रंगात काळवंडेल म्हणून." हे मी तिच्या तोंडून काढून घेतलं नव्हतं, ते तिचं तिला दिसलं.

उपचारांच्या तिसऱ्या आठवड्यात सई पुन्हा घसरली. क्लासमधल्या एका मुलाने मास्क ओढला, आणि त्या संध्याकाळी तिने औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. या ट्यूबवर नाव होतं, घटक छापलेले होते: मोमेटासोन (हेही स्टिरॉइडच), हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. हे मिश्रण डॉक्टर वांगासाठी ठरावीक मुदतीपुरतं देतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली आहे. तरी पंधरा वर्षांच्या मुलीला ती एका शब्दाविना मिळाली. याची मला मनापासून चीड येते. आपण मुलींच्या चुका मोजतो, काउंटरपलीकडच्या मोठ्या माणसाची चूक कोणी मोजत नाही.

पण ती ट्यूब तिने उघडली नाही. रात्री अकराला आईच्या उशाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी परत आणलंय." आईने मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं: "आधी ओरडणारच होते मॅडम. मग म्हटलं, सांगायला आली ना." आईने ट्यूब स्वतःजवळ ठेवली, माठातल्या पाण्यात मलमलचा तुकडा बुडवून पिळला आणि मुलीच्या गालांवर ठेवला. गरम झाला की परत बुडवायचा. एक वाजेपर्यंत दोघी अशाच बसल्या होत्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आरशासमोर उभी राहणारी प्रत्येक मुलगी सई नसते. नखांचे रंग, आखूड टॉप, भुवया, कानात मोठमोठे झुमके, हे सगळं या वयात होणारच, आणि त्यावर रोज खटके उडवून तुम्ही तुमचा शब्द स्वस्त करता. मी पालकांना विचारते, हे रात्री काढून ठेवता येतं का? येत असेल तर सोडून द्या. त्वचेत मुरणारं, डोळ्यात घालायचं, केसांच्या मुळाशी जाणारं काही असेल, म्हणजे बिननावाची क्रीम, रस्त्यावरच्या रंगीत लेन्स, जळजळणारी काळी मेंदी, तर तिथे जरूर आडवे या. मात्र आधी तिला काय झाकायचंय, हे विचारा. लपवाछपवी दिसली की आपलं मन थेट 'कोणीतरी मुलगा आहे' इकडे धावतं, आणि त्या घाईत गालावरची आग दिसायची राहून जाते.

सईचा चेहरा अजून पूर्ण बरा नाही. डॉक्टर म्हणतात, अजून काही महिने. उन्हात जाताना सनस्क्रीन आणि टोपी लागते, म्हणून गणपतीत तिने दुपारच्या मिरवणुकीत ढोल वाजवला नाही. संध्याकाळी उतरल्या उन्हात तासभर वाजवला. कपाटावरचं वर्तमानपत्र तिच्या बाबांनी ओल्या फडक्याने खरवडून काढलं, काचेच्या एका कोपऱ्यात चिकटलेल्या अक्षरांचा ठिपका तेवढा राहिलाय.

परवा आईचा दुकानातून फोन आला, मागे गिऱ्हाइकांचा गलका होता. सईने दिवाळीसाठी ड्रेसचा पीस आणायला सांगितला होता, राणी रंगाचा. आईने विचारलं, "मॅडम, आणू ना?" मग मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "थांबा, काढूनच ठेवते. संध्याकाळपर्यंत संपायचा."