कॉर्न स्नेक आणि किंगस्नेकचा संकर करणं अनैतिक आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमच्याकडे कॉर्न स्नेकची, म्हणजे हौसेने पाळल्या जाणाऱ्या एका बिनविषारी अमेरिकी सापाची, मादी आहे. एक जण तुम्हाला 'जंगल कॉर्न' नर, म्हणजे कॉर्न आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक यांचा संकर, द्यायला तयार आहे. ही जोडी लावावी असं तुमच्या मनात आहे, पण 'जात बाटवू नका' असं काहींनी सुनावल्यावर तुम्ही अडखळलात.

मी ही जोडी लावणार नाही. पण सुनावणाऱ्यांची कारणं मला फारशी पटत नाहीत, म्हणून आधी त्यांच्याकडे बघू.

'हे निसर्गाविरुद्ध आहे' हे त्यातलं सगळ्यात लाडकं. कॉर्न आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक यांची रानात गाठ पडत नाही हे खरंच. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, दुसरा पश्चिमेकडचा. त्यांच्या प्रजातीच काय, जीनसही (प्रजातींच्या वरचा गट) वेगळे आहेत: पँथेरोफिस आणि लॅम्प्रोपेल्टिस. तरी त्यांची पिल्लं धडधाकट निघतात आणि मोठी झाल्यावर त्यांनाही पिल्लं होतात. खेचर वांझ असतं एवढंच शाळेत शिकलेल्या माणसाला हे थाप वाटते. रानातही रॅट स्नेकांच्या (कॉर्न याच गटातला) जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या हद्दी जिथे भिडतात तिथे मिसळ होतेच. शिवाय प्रजातींच्या सीमा आखणारे आपणच, आणि त्या पुसून पुन्हा आखणारेही आपणच. ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक पूर्वी कॉर्नचीच उपप्रजाती मानला जायचा. तेव्हा कुणी त्याची अमेल, म्हणजे काळा रंग नसलेल्या, कॉर्नशी जोडी लावली (त्या पिल्लांना 'क्रीमसिकल' म्हणतात), तर त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. पुढे शास्त्रज्ञांनी दोन्ही प्रजाती वेगळ्या धरल्या आणि तोच माणूस बसल्या जागी हायब्रिडवाला, म्हणजे संकर करणारा, ठरला. बर्मीज पायथनचंही तेच. २००९ पर्यंत तो इंडियन पायथनची उपप्रजाती होता.

दुसरं कारण शुद्धतेचं. ज्यांच्या घरात अमेल, अ‍ॅनरी, ब्लिझर्ड अशा मुद्दाम जोपासलेल्या रंगांची रांग लागली आहे त्यांनी शुद्धतेवर प्रवचन द्यावं याची मला गंमत वाटते. कॉर्नमधली अमेलची मूळ लाइन (वंशावळ) १९५३ साली नॉर्थ कॅरोलिनात रानात सापडलेल्या एका नरापासून सुरू झाली. तसा रंग रानात क्वचितच टिकतो. आपण तो पिढ्यान्‌पिढ्या भावंडांत, आईबाप आणि पिल्लांत जोड्या लावून पक्का केला. अल्ट्रा हा रंगाचा जीन तर ग्रे रॅट स्नेकशी झालेल्या जुन्या संकरातून कॉर्नमध्ये आला असं बहुतेक ब्रीडर मानतात, आणि तरीही अल्ट्रामेल (अल्ट्रा आणि अमेल हे दोन्ही जीन असलेले साप) 'कॉर्न' म्हणून सर्रास विकले जातात. प्राण्याच्या हालांचा हिशेब मांडायचा, तर तो प्रजातीच्या आतच जास्त मोठा निघेल. स्पायडर या रंगाच्या बॉल पायथनचं डोकं डुगडुगतं, ते भक्ष्यावर नीट नेम धरू शकत नाहीत. जॅग्वार या रंगाच्या कार्पेट पायथनमध्येही मज्जासंस्थेचा तसाच दोष दिसतो. हे दोन्ही साप कागदावर शंभर टक्के शुद्ध! तुमचा जंगल कॉर्न त्यांच्यापेक्षा सुखात जगेल.

मग मी ही जोडी का लावणार नाही? कारण अडचण पहिल्या पिढीत नाही, तिसऱ्या पिढीत आहे.

पहिल्या पिढीचा जंगल कॉर्न बघताक्षणी ओळखू येतो. नक्षी ना धड किंगस्नेकच्या पट्ट्यांची, ना धड कॉर्नच्या खोगिरासारख्या डागांची. त्याला कुणी कॉर्न म्हणून खपवू शकत नाही. पण तुम्ही त्याला पुन्हा कॉर्नशी जोडणार आहात. त्या पिल्लांत पाऊण वाटा कॉर्नचा असेल, आणि त्यातली दोन-चार हुबेहूब कॉर्न दिसतील. ती कुणीतरी नेईल, कंटाळला की पुढे देईल, आणि सोबतची चिठ्ठी पहिल्याच हातबदलात हरवेल. त्यापुढचा माणूस ती 'अमेल, हेट अ‍ॅनरी' एवढ्याच नावावर (हेट म्हणजे जीन अंगात आहे, पण रंग दिसत नाही) घेऊन पुन्हा कॉर्नशी जोडेल. खोटं कुणीच बोललेलं नसतं, पण सांगायची गोष्ट मध्येच गळालेली असते.

असा एक साप माझ्याकडे तपासायला आला होता. रंग सुरेख, विकणाऱ्याने शुद्ध कॉर्न म्हणून दिलेला. मालकाला सापाची कात घेऊन यायला सांगितलं होतं. ती पाण्यात भिजवून पसरली. कॉर्नच्या पाठीवरच्या मधल्या खवल्यांवर बारीकशी उभी कंगोरी असते, बोट उलटं फिरवलं की जाणवते. किंगस्नेकचे खवले साफ गुळगुळीत. ही कात गुळगुळीत होती. मग पोटाकडून शेपटीकडे जाताना गुदद्वारावरचा खवला पाहिला. कॉर्नमध्ये तो मधोमध दुभंगलेला असतो, किंगस्नेकमध्ये अखंड. इथे अखंड होता. म्हणजे त्या सापात किंगस्नेक कुठून तरी आलाय हे नक्की. पण याच्या उलट निष्कर्ष काढता येत नाही: दोन्ही खुणा कॉर्नच्या असल्या तरी आजोबा किंगस्नेक असू शकतो. कातेवरून होणाऱ्या डीएनए चाचण्यांचाही त्यात फारसा उपयोग नाही, कारण त्या सहसा ठरावीक रंगांचे जीन शोधतात, वंशावळ सांगत नाहीत.

त्या मालकाचं तसं काही बिघडलं नाही, साप त्याने ठेवून घेतला. पण जे लोक एखाद्या ठिकाणची लाइन सांभाळतात त्यांचं बिघडतं. होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचे हॉग आयलंड बोआ बघा. व्यापारासाठी ते इतके उचलले गेले की बेटांवर त्यांची संख्या घसरली. लोकांकडे असलेल्या बोआंत साध्या बोआंशी मिसळ झालेले किती, हे आता नुसतं बघून सांगता येत नाही.

इथे पुष्कळ लोक संवर्धनाचा मुद्दा पुढे करतात, आणि तो मला अर्धाच मान्य आहे. पाळलेले कॉर्न उद्या कुणी रानात सोडणार नाही, सोडूही नयेत. प्रजाती वाचवण्याचे कार्यक्रम प्राणिसंग्रहालयांच्या नोंदवह्यांवर चालतात, आपल्या कपाटातल्या डब्यांवर नाही. पण नोंद हरवली की काय होतं ते अमेरिकेतल्या आशियाई सिंहांच्या प्रजनन कार्यक्रमात दिसलं. मूळ पाच प्राण्यांपैकी दोघांत आफ्रिकन रक्त आहे हे १९८०च्या दशकात कळलं, आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. नोंद नसलेला संकर असा मागाहून कळतो याचं दुसरं उदाहरण फ्लोरिडातलं: तिथे मोकाट झालेल्या बर्मीज पायथनांचा २०१८ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४०० सापांपैकी १३ सापांत इंडियन पायथनच्या खुणा सापडल्या. तो संकर बहुधा ते तिथे रुजण्याआधीच झाला असावा.

आकाराचा प्रश्न तुमच्या जोडीला लागू नाही, पण जाता जाता सांगतो. बर्मीज आणि रेटिक्युलेटेड पायथनचा संकर करणाऱ्यांना मी सरळ बेजबाबदार म्हणतो. त्याला शुद्धतेचं कारण नाही. एवढा अजस्र साप वीस वर्षं सांभाळणारी घरं किती आहेत?

तुमच्यापुरतं सांगायचं, तर नर घ्या, हौसेने पाळा, जोडी लावू नका. जोडी लावायचीच असेल, तर एका वेळी वीसेक अंडी होऊ शकतात हे लक्षात घेऊन आधी घरं शोधा. पिल्लं देताना आईबापांची नावं आणि फोटो सोबत द्या आणि 'कॉर्न' हा शब्द एकटा कुठेही लिहू नका. कॉर्नसारखी दिसणारी पिल्लं तर स्वतःकडेच ठेवा, कारण गोंधळ तीच घालतात.

आणि एक धोका तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. किंगस्नेक साप खातो. शुद्ध किंगस्नेक कॉर्नशी जोडताना काही ब्रीडर आधी त्याच्यासमोर त्याच्याच जातीची मादी ठेवतात आणि तो रंगात आला की मादी बदलतात, ते याच भीतीने. तुमचा नर अर्धा किंगस्नेक आहे, त्यात ही खोड कितपत उतरलीय हे आधी कळत नाही. काही दिवस आधी दोघांना नीट खायला घाला, मादी त्याच्यापेक्षा लहान असेल तर बेत सोडा, आणि दोघं एका डब्यात असेपर्यंत तिथून उठू नका.